वाटी-चमच्याचं सलाईन: मुलांचे जुलाब आणि ओआरएसची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त लांबलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत.)

जेवताना ऐकत असाल तर हा भाग जरा नंतर ऐका, कारण आजचा विषय आहे जुलाब. हगवण, ढाळ, अतिसार, तुमच्याकडे जे म्हणत असतील ते. त्यातही लहान मुलांचे जुलाब, आणि आजारी पोराजवळ बसून त्याची शुश्रूषा नेमकी कोणी करायची, यावरून दोनशे वर्षं चाललेला वाद.

विषय किरकोळ वाटतो ना? आपल्याकडे जुलाब म्हटलं की एक तर विनोद होतो किंवा ऑफिसला दांडी मारायचं कारण. पण १९८० च्या सुमाराचा अंदाज असा आहे की जगात पाच वर्षांखालची ४५ लाखांच्या आसपास मुलं दर वर्षी जुलाबाने मरत होती. एका वर्षात. आणि यातली बहुतेक मुलं जंतूने थेट मारलेली नव्हती. ती कोरडी पडून मेली.

हिशोब बघा. पाच किलोचं बाळ आहे. त्याच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी. जुलाब-उलट्यांतून अर्धा लिटर गेलं, म्हणजे आपण बसस्टँडवर घेतो ती छोटी पाण्याची बाटली, तर बाळाचं दहा टक्के वजन गेलं. दहा टक्के म्हणजे जिवावरचं दुखणं. डोळे आत जातात, टाळू खोल जाते, रडताना डोळ्यात पाणी येत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही. लघवी थांबते. मग पोर रडायचंही थांबतं, आणि घरच्यांना वाटतं, चला, शांत झोपलं.

हे सगळं काही तासांत होऊ शकतं. मोठ्या माणसाला दोन दिवस लागतात तिथे बाळाला अर्धा दिवस पुरतो.

तर मग उपाय काय? गेलेलं पाणी परत द्या. इतकं साधं. पण हे साधं उत्तर सापडायला, आणि सापडल्यावर पटायला, जवळजवळ दीडशे वर्षं लागली. म्हणूनच ही गोष्ट सांगायची.

सुरुवात आपल्याच बाजूने होते. १८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागात पटकीची मोठी साथ उसळली. पटकी म्हणजे कॉलरा. त्याआधीही ती इथे होतीच, पण या वेळी ती चालायला लागली. वर्षभरात मुंबईला पोचली, पुढे जहाजांवरून आणि काफिल्यांबरोबर जगभर. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मरीआईचं देऊळ असतं, मुंबईत जरीमरीची देवळं आहेत. या आजारांचा धसका किती होता याच्या त्या खुणाच आहेत. जेसोर हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

१८३१ मध्ये पटकी इंग्लंडात पोचली. तिथल्या डॉक्टरांनी काय केलं? रुग्णाचं रक्त काढलं! आधीच कोरड्या पडलेल्या माणसाच्या शिरेतून आणखी रक्त वाहू दिलं. वर पाऱ्याचं औषध दिलं, त्यानेही पोट साफ होतं. आपण आज हसू, पण ते लोक मूर्ख नव्हते. आजारात अंगातलं काहीतरी दूषित होतं, ते बाहेर काढायचं, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि आपल्याकडे आजही जुलाब लागले की 'घाण बाहेर पडतीय, पडू दे' असं म्हणणारे असतातच.

विल्यम ओशॉनेसी नावाचा एक आयरिश पोरगा, वय बावीस-तेवीस, नुकताच डॉक्टर झालेला. त्याने पटकीच्या रुग्णांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की अहो, रक्तातलं पाणी आणि क्षार गेलेत, तेच परत भरले पाहिजेत. काही महिन्यांनी, १८३२ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटा या डॉक्टरने ते करून पाहिलं. एक म्हातारी बाई, जवळजवळ गेलेलीच. त्याने तिच्या शिरेत मिठाचं पाणी सोडायला सुरुवात केली, थोडं थोडं करत. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या वर. बाईचे डोळे उघडले, आवाज परत आला, हातपाय गरम झाले. लाटा दमलेला, तिला रुग्णालयाच्या सर्जनच्या ताब्यात देऊन तो निघून गेला.

आणि मग? तिला पुन्हा उलट्या-जुलाब सुरू झाले. कोणी पुन्हा पाणी भरलं नाही. साडेपाच तासांत ती गेली.

मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. उपचार बरोबर होता. पण जुलाब चालू असेपर्यंत कोणीतरी शेजारी बसून, गेलं तितकं भरत राहिलं पाहिजे, हे काम कोणाचंच नव्हतं. एकदा देऊन विसरून जायचं हे औषधच नाही. ही शुश्रूषा आहे, तिला माणूस लागतो, आणि तोही पोट थांबेपर्यंत.

लाटा पुढच्याच वर्षी वारला आणि त्याची पद्धत मागे पडली. ओशॉनेसी तर कलकत्त्याला आला आणि पुढे त्याने हिंदुस्थानात तारायंत्र आणलं. भन्नाट माणूस, त्याच्यावर वेगळा भाग करावा लागेल.

शिरेतलं सलाईन नीट रुळलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने पटकीच्या रुग्णांना नेमाने दिलं तेव्हा. मृत्यू निम्म्यावर आले. मुलांच्या बाबतीत आणखी एक पायरी १९४० च्या दशकात पडली. अमेरिकेत डॅनियल डॅरो यांनी दाखवलं की जुलाबात बाळाच्या अंगातून पोटॅशियमही जातं, नुसतं मीठ-पाणी भरून भागत नाही. तेही द्यायला लागल्यावर तान्ह्या मुलांचे मृत्यू कमी झाले.

म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपाय होता. अडचण एवढीच की त्याला निर्जंतुक बाटल्या, सुया, शीर शोधणारा हात आणि पलंग लागत होता. कोरड्या पडलेल्या बाळाची शीर शोधणं म्हणजे काय, हे एखाद्या सिस्टरना विचारा. खेड्यात साथ आली तर यातलं काय मिळणार?

मग तोंडाने पाणी का देत नव्हते? कारण एक ठाम समजूत होती: पोट बिघडलंय, त्याला विश्रांती द्या. पाश्चात्त्य बालरोगशास्त्रात जुलाब झालेल्या मुलाचं दूध-खाणं दिवसदोन दिवस बंद ठेवायची पद्धत होती. आपल्याकडेही लंघनाची परंपरा आहेच. शिवाय आईला डोळ्यांनी दिसतं की पाजलं की शी होते. मग ती पाजणं कमी करते. तिचं निरीक्षण खोटं नाही, फक्त त्यातून निघालेला निष्कर्ष जीवघेणा आहे.

पहिला धीट प्रयोग एका बंगाली डॉक्टरचा. हेमेंद्रनाथ चटर्जी, कलकत्ता. १९५३ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलं की पटकीच्या १८६ रुग्णांना त्यांनी तोंडानेच मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन सांभाळलं. उलटी थांबवायला औषध होतं आणि जुलाबासाठी एका झाडाच्या पानांचा रस. ते झाड आपल्या कुंडीतही असतं, पानओवा. भज्या करतो ना पावसाळ्यात, तोच. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे पाणी काम का करतं याचं उत्तर नव्हतं, आणि, माझ्या मते, लिहिणारा माणूस कलकत्त्याचा होता हेही आडवं आलंच. लेख छापला गेला आणि तसाच पडून राहिला.

'का' चं उत्तर सात वर्षांनी आलं. ऑगस्ट १९६०, प्राग शहर, एक वैज्ञानिक परिषद. रॉबर्ट क्रेन या जैवरसायनतज्ज्ञाने मांडलं की आतड्याच्या पेशीत साखर एकटी शिरत नाही, ती सोडियमचा, म्हणजे मिठातल्या एका घटकाचा, हात धरून शिरते. असं समजा की आतड्याला एक दार आहे आणि ते दोन किल्ल्यांनी उघडतं. एक किल्ली ग्लुकोज, दुसरी मीठ. दोन्ही एकदम आल्या की दार उघडतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. गंमत अशी की पटकीचं विष आतड्यातून पाणी बाहेर फेकणारा नळ सोडून देतं, पण या दाराला हात लावत नाही. नळ वाहतोय, तरी दार शाबूत आहे. म्हणून नुसतं पाणी पाजून फारसं होत नाही, नुसतं मीठ-पाणीही नाही, पण मीठ आणि साखर ठरलेल्या प्रमाणात घातली की पाणी शोषलं जातं.

प्रमाण मात्र महत्त्वाचं. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहते आणि उलट अंगातलं पाणी बाहेर ओढते. सोडा, कोल्ड्रिंक, पॅकबंद गोड ज्यूस यांनी जुलाब वाढतात ते यामुळेच.

क्रेनचा शोध आणि रुग्णाचा पलंग यांच्यात अजून अंतर होतं. फिलिपाइन्समध्ये अमेरिकी नौदलाचे कॅप्टन रॉबर्ट फिलिप्स यांनी १९६२ च्या साथीत ग्लुकोज-क्षारांचं पाणी तोंडाने द्यायचा प्रयत्न केला. मात्रा चुकली, काही रुग्ण दगावले. त्या माणसाने याचा इतका धसका घेतला की पुढे ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख झाल्यावरही ते तोंडाने पाणी द्यायच्या प्रयोगांना जपूनच परवानगी देत. मला हे समजतं. ज्याने डोळ्यांदेखत माणसं गमावली तो घाई कशी करेल?

ढाक्याला त्यांच्या हाताखाली दोन तरुण अमेरिकी डॉक्टर होते, डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश. दोघेही सत्ताविशीच्या आसपास. कलकत्त्यातही दुसरा गट याच प्रश्नावर काम करत होता. नेलिन आणि कॅश यांच्या प्रयोगाचं रहस्य काय होतं? बादली. पटकीच्या रुग्णासाठी एक खास खाट असते. मध्यभागी भोक, खाली मापाच्या रेघा असलेली बादली. शी थेट बादलीत, बादली दर काही तासांनी मोजायची, आणि जितकं गेलं तितकं पाणी रुग्णाला प्यायला लावायचं. आधीचे काही प्रयोग फसले ते हा हिशोब न ठेवल्यामुळे. १९६८ च्या त्यांच्या लेखात आलं की अशा रीतीने दिलं तर शिरेतल्या सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी होते. लाटाची म्हातारी आठवते? तिच्याजवळ जे काम करायला कोणी नव्हतं, तेच काम इथे पद्धतशीर झालं. बादली मोजा आणि भरत राहा.

मुलांच्या बाबतीत एक सुंदर भर नॉर्बर्ट हिर्शहॉर्न यांनी घातली. हेही ढाक्याहून गेलेले. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या ॲरिझोनात, अपाची आदिवासींच्या वस्तीत, तिथल्या मुलांना जुलाबात हे पाणी देताना त्यांनी मात्रा ठरवलीच नाही. मुलाला हवं तेवढं पिऊ दिलं. आणि दिसलं काय, तर मूल स्वतःच बरोबर तेवढं पितं. कोरडं पडलेलं असलं की घटाघटा पितं, भरलं की तोंड फिरवतं. खाणंही लवकर सुरू केलं तर बिघडत नाही, उलट बरं. पोटाला विश्रांती देण्याच्या जुन्या समजुतीला हा मोठा धक्का होता, आणि तो दिला तहानलेल्या पोरांनी.

तरीही हे सगळं डॉक्टर-नर्स हाताशी असताना झालेलं. त्यांच्याशिवाय जमेल का, हे कोणी ठरवून तपासलं नसतं. ते तपासलं युद्धाने.

१९७१. पूर्व पाकिस्तानात मुक्तिसंग्राम चालू. जवळजवळ एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. छावण्या, पाऊस, चिखल, आणि पटकी. सीमेलगतच्या बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस नावाचे बालरोगतज्ज्ञ जूनच्या अखेरीस आपला चमू घेऊन पोचले. वय छत्तीस. मूळचे पूर्व बंगालमधले, कलकत्त्यात शिकलेले, लंडनमध्ये मुलांच्या रुग्णालयात काम करून परतलेले. आणि बनगाव म्हणजे फाळणीपर्यंत जेसोर जिल्ह्याचाच भाग! जिथून पटकी जगभर गेली त्याच पट्ट्यात.

तिथे दोन खोल्या भरून रुग्ण जमिनीवर पडलेले. सलाईन लावायचं तर विष्ठा-ओकारीत गुडघे टेकून बसावं लागत होतं. चमूतल्या दोनच जणांना शिरेतून सलाईन देता येत होतं, आणि बाटल्या संपत आल्या होत्या. दोन दिवसांत महालनबीसांना कळलं की असं चालू ठेवलं तर आपण हरतोय.

मग त्यांनी ठरवलं: तोंडाने द्यायचं, आणि घरच्यांनी द्यायचं. कलकत्त्याला प्रयोगशाळेच्या ग्रंथालयाच्या खोलीत कारखाना उघडला. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. हे मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं, गरम इस्त्रीने पिशवीचं तोंड बंद करायचं. पिशव्या बनगावला न्यायच्या, तोटी असलेल्या पिंपातल्या पाण्यात विरघळवायच्या. लोकांनी मग घेऊन यायचं, पिंपातून पाणी न्यायचं आणि आपल्या माणसाला पाजायचं. आई, बाप, आजी, जे असेल ते. सलाईनच्या उरलेल्या बाटल्या फक्त अगदी अत्यवस्थ लोकांसाठी.

धोका काय होता, बघा. मोजमाप चुकलं तर? घरच्यांनी पाजलंच नाही तर? त्या काळच्या जाणकारांचं मत होतं की हे फक्त प्रशिक्षित हातात सुरक्षित आहे. महालनबीसांकडे प्रशिक्षित हात नव्हतेच. त्यांच्याकडे आया होत्या.

आठेक आठवड्यांत तीन हजारांहून जास्त रुग्णांवर असे उपचार झाले. छावण्यांमध्ये पटकीने मरण्याचं प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत गेलेलं होतं. या रुग्णांत ते चार टक्क्यांच्या खाली आलं. लिहून पत्रकं वाटली गेली, आणि सीमेपलीकडच्यांसाठी बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरून हे पाणी कसं करायचं तेही सांगितलं गेलं. म्हणजे ऑडिओवरून आरोग्याची माहिती, १९७१ मध्ये. आपण पॉडकास्टवाले उगाच स्वतःला नवीन समजतो.

मान्यता लगेच मिळाली नाही. लेख १९७३ मध्ये छापून आला. पण जागतिक आरोग्य संघटनेतले डॉ. धीमान बरुआ बनगावला येऊन डोळ्यांनी बघून गेले होते, आणि त्यांनी जिनिव्हात हा विषय लावून धरला. १९७८ मध्ये त्याच लॅन्सेटच्या संपादकीयात याला शतकातला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं गेलं. महालनबीस मात्र फारसे कोणाला माहीत झाले नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते वारले, आणि त्यानंतर, २०२३ मध्ये, पद्मविभूषण जाहीर झालं.

इथे बरेच लोक गोष्ट संपवतात. मला विचाराल तर खरी मजा पुढे आहे, स्वतंत्र बांगलादेशात. तिथे फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेने ठरवलं की पाकिटाची वाट बघायची नाही, घरातल्या मीठ-गुळाचंच पाणी करायला प्रत्येक आईला शिकवायचं. घरोघरी जाऊन. १९८० ते १९९० या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. शिकवणाऱ्या गावातल्याच तरुणी. माप काय, तर तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. अर्धा शेर कसा ओळखायचा? घरातल्याच भांड्यावर खूण करून द्यायची.

बरं, शिकवलं हे कशावरून? इथे ब्रॅकने डोकं लढवलं. महिनाभराने दुसरा माणूस काही घरं निवडून अचानक जायचा, आईला प्रश्न विचारायचा, तिच्याकडून पाणी करून घ्यायचा. त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जायचा, कारण मीठ जास्त पडलं तर तेही बाळाला वाईट. आईला किती आठवतं त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. आईला काहीच आठवलं नाही तर त्या घराचे पैसे शून्य. आपल्या कोचिंग क्लासेसना ही योजना लावली तर काय होईल, विचार करा.

पण सुरुवातीला एक विचित्र गोष्ट दिसली. आयांना सगळं पाठ होतं, पाणीही बरोबर करून दाखवायच्या, आणि तरी घरात जुलाब झाले की वापर नगण्य. का? शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्या बायकांचाच विश्वास नव्हता! त्यांना स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घ्यायच्या. मग त्यांना प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी कसं काम करतं ते दाखवलं. दुसरं कारण, घरातल्या पुरुषांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांना वाटायचं, चिमूटभर मीठ म्हणजे काय औषध? मग बाजारात, मशिदीत, शाळेत पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या. वापर हळूहळू वाढला. आज बांगलादेशात 'खाबार सॅलाइन' हा घरगुती शब्द आहे. खायचं सलाईन.

आणि आपल्याकडे? पेज, भाताची निवळी, ताक, डाळीचं पाणी, मीठ घालून. कोकणातल्या आजीला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. पुढे संशोधनातही दिसलं की भाताच्या पिठाचं पाणी साखरेच्या जागी चालतं, कारण भाताचा स्टार्च आतड्यात फुटून ग्लुकोजच होतो. पण याने हुरळून जाऊ नका, कारण त्याच घरात 'दात येतायत म्हणून होतंय', 'नजर लागलीय' असं म्हणून दोन दिवस घालवणारेही असतात.

आता पाकिटाबद्दल. सध्या मिळणारं पाकीट बनगावच्या पिशवीपेक्षा वेगळं आहे. २००२ नंतर मीठ आणि साखर दोन्ही कमी केली, त्याने उलट्या आणि शी दोन्ही कमी होतात असं दिसलं. खाण्याच्या सोड्याऐवजी सायट्रेट आलं, आणि पोटॅशियम आहेच. मोठं पाकीट साडेवीस ग्रॅमचं, ते एक लिटर पाण्यातच टाकायचं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर अर्धा कप, मोठ्याला एक कप, वाटी-चमच्याने, घोटघोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालू, खाणं चालू. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. सोबत झिंक, डॉक्टर सांगतील तसं, दहा ते चौदा दिवस. शीत रक्त, पोर सुस्त, पाणी पिऊच शकत नाही, लघवी बंद, काहीही पोटात टिकत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी घरी बसायचं नाही, थेट दवाखाना. तिथे सलाईन लागू शकतं, आणि लागलं तर ते लावलंच पाहिजे.

पाकीट घेताना नाव वाचा. नावात ओआरएस मिरवणारी, पण साखरच जास्त असलेली तयार पेयं दुकानांत वर्षानुवर्षं विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी बरीच वर्षं याविरुद्ध लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी घातली.

मृत्यू खूप घटलेत. ४५ लाखांवरून साडेचार लाखांच्या आसपास आलो आहोत. यात स्वच्छ पाणी, संडास आणि लशी यांचाही वाटा आहे; रोटाव्हायरसची एक लस तर पुण्यातच बनते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी बघा: भारतात जुलाब झालेल्या दहा मुलांपैकी साधारण सहांनाच ओआरएस मिळालं, झिंक तिघांना. आशाताईंकडे पाकीट फुकट असतं. मेडिकलमध्ये ते स्वस्तात मिळतं. मग उरलेली चार मुलं कुठे अडतात?

कर्नाटक आणि बिहारमधल्या छोट्या शहरांत संशोधकांनी हे शोधलं. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते आलं. त्यांनी नकली रुग्ण पाठवले. एक माणूस दोनेक हजार डॉक्टर आणि औषधवाल्यांकडे, अर्थात अशी अनेक माणसं, जाऊन सांगायची: घरी दोन वर्षांचं मूल आहे, जुलाब होतायत. तीन शंका होत्या. माल संपलेला असतो म्हणून देत नाहीत का? दुसऱ्या औषधात जास्त पैसे सुटतात म्हणून का? की रुग्णालाच ओआरएस नको असतं असं डॉक्टरला वाटतं म्हणून? पहिल्या दोन कारणांचा वाटा पाच-सहा टक्के निघाला. तिसऱ्याचा बेचाळीस. म्हणजे डॉक्टरला माहीत आहे की ओआरएस द्यायला हवं. पण त्याला वाटतं, या माणसाला 'खरं' औषध हवंय, पाकीट दिलं तर हा उद्या दुसरीकडे जाईल. तोच ब्रॅकवाला अविश्वास, फक्त या वेळी टेबलाच्या पलीकडे.

आणि त्या प्रयोगात डॉक्टरला ओआरएस हवंय हे कळवायचं कसं? काही 'बापांनी' एवढंच केलं की खिशातून मोबाइल काढला आणि मागच्या वेळी वापरलेल्या पाकिटाचा फोटो दाखवला. ओआरएस लिहून मिळण्याचं प्रमाण २७ टक्के गुणांनी वाढलं.

तुमच्या घरात, शेजारी, ताईकडे लहान मूल असेल तर तो फोटो आजच काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात. ओशॉनेसी आणि त्याच्या तारायंत्राबद्दल बोलायचंय.